आठवी पायरी

राक्षस लपवायचा तर यादीच्या मधोमध ठेवावा.
शेवटी ठेवला की सगळ्यांचे कान टवकारतात,
पहिला ठेवला की सुकुमार मगदूम लगेच तलवार उपसतो.
म्हणून मी सांगते:
कोनाड्यात पणती, एक रांजण, ओलं घोंगडं, मोडकं तिवई, सुतळीचं बिंडं.
आणि घोंगडं हा शब्द
जांभई आल्यासारखा उच्चारते.

सांगलीच्या मार्केट यार्डात,
दिग्याच्या काकांच्या गोदामाचा माळा.
हळदीच्या पोत्यांवर फळी टाकून
शनिवारी रात्री आम्ही पाच जण.
वीस बाजूंचा फासा पांढरा होता कधीतरी.
माझ्यापुढं आडोसा म्हणून
जुन्या रोजमेळाचा पुठ्ठा उभा.

तीन वर्षांपूर्वी एका संदुकीनं दिग्याचा हात खाल्ला.
तेव्हापासून ही माणसं
दिसेल त्या वस्तूला आधी काठी टोचतात.
दाराला, घंटेला,
एकदा धर्मशाळेतल्या बिचाऱ्या खऱ्या पलंगाला,
त्याचे चाळीस मोहरा भरून द्यावे लागले.
दोष तरी कसा देऊ?
नदीत दिसतो तो ओंडका ओंडका नसतो,
हे कृष्णाकाठी
पोहण्याच्या आधी शिकवतात.

म्हणजे ओंडका बाद. संदूक बाद.
चष्म्याच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना,
नंबर तपासायच्या तक्त्यामागं
मी एक घाट बांधला.

जाताना सांगितलं: सात पायऱ्या, शेवटची पाण्यात.
तीन तासांनी येताना,
मशाल विझत आलेली, मागं कुणाचे तरी पाय वाजतायत,
तेव्हा सांगितलं:
आठ पायऱ्या आहेत, चढा पटापट.

खोटं एक अक्षर बोलले नाही.
फसवायचं ते राक्षसानं,
मी नाही.

सुकुमार बाण मोजत चढला.
दिग्या जखमी खेचर ओढत.
रुखसार भडंगातला लसूण वेचून खात होती.
आणि त्रिशला आरवाडे,
जी तारीख घालून सगळं वहीत लिहिते,
वहीची पानं उलटी चाळू लागली.
"थांबा.
जाताना सात होत्या."

ती शांतता!
सहा दिवस मी काचा पुसते
ते त्या शांततेसाठी.
चौघांचे चार पाय हवेत,
आणि कुणालाच कळेना
आपण नक्की कशावर उभे आहोत.

मी कागद पुढं ओढला.
दात, दोन रांगा. जीभ, सहा हात. जीव, अठ्ठावन्न.
सुकुमारनं फासा उचललासुद्धा.
तेवढ्यात रुखसार म्हणाली,
"मी मारत नाही. मी त्याला विचारते,
किती दिवस झाले इथं पडून?"

दात लिहिले होते मी.
आवाज लिहिला नव्हता.

"फासा टाक," म्हटलं, वेळ काढायला.
एकोणीस.
पिवळाधमक एकोणीस.

माळ्याच्या जिन्यालगत भिंतीवर
पाण्याची मळकट रेघ आहे, चुन्यातून अजून उमटते.
तिच्याकडं न बघता मी म्हटलं,
दगड घासल्यासारखा आवाज काढून:
"दोन पूर झाले.
पाणी चढलं तेव्हा सगळे वर गेले.
उतरलं तेव्हा मी पायरी होतो.
पाय पडतात. बरं वाटतं.
कधीकधी भूक लागते."

पंखा तेवढा कुरकुरत राहिला.
"कधीकधी म्हणजे?" दिग्यानं विचारलं.
"कधीकधी."

रुखसारनं शिदोरीतली अर्धी भाकरी
तिथं ठेवली, असं ती म्हणाली.
मग एकेक जण उडी मारून
सातवीवरून नववीवर गेले,
म्हणजे वर, काठावर. खेचरासह.
सुकुमार अजून धुसफुसतोय:
"मर्दा, अठ्ठावन्नचा राक्षस आणि एक वार नाही!"

दीडला लाईट गेली.
मी वर कागद गोळा करत होते,
ते अंधारात जिना उतरत होते, मोठ्यानं मोजत.
दहा. अकरा. बारा.
मग आवाज थांबले.

"ए," खालून त्रिशला,
"ह्या जिन्याला पायऱ्या किती गं?"

मला माहीत होतं.
मी बोलले नाही.